अभ्यासिकेतले चार पर्याय आता पुसा

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी 250 गुणांचे. म्हणजे 1750 गुण लिहून मिळवायचे आहेत. महागड्या क्लासवाल्यांनी आपली दुकाने लगेच नव्याने मांडली. आमच्या विहारांतल्या अभ्यासिकांचे काय? तेथील कपाटांत अजून जुनेच प्रश्नसंच दिसतात.

अस्पृश्यता कोणत्या कलमाने नष्ट झाली? 15, 16, 17 की 18? आमची मुले झोपेतही 17 सांगतील. पण आकडा सांगता आला म्हणजे कलम समजले, असे आम्ही मानत नाही.

प्रश्न असा घालून पाहा. गावच्या हॉटेलात काही गिऱ्हाइकांसाठी कपबशी वेगळी ठेवली जाते. मालक म्हणतो, ‘हॉटेल माझे आहे, सरकारचे नाही.’ त्याला पंधरा ओळींत उत्तर द्या. आता मुलाला संविधान उघडावेच लागते. 15(1) राज्याला बांधते. 15(2) केवळ राज्यापुरते नाही, त्यात दुकाने, हॉटेले यांची नावे आहेत. 17 सर्वांनाच बांधते. शिक्षा मात्र 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सापडते, आणि त्यात हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे.

मग एकच गोष्ट बदला. हॉटेलाऐवजी विहीर घ्या. आधी सरकारी पैशाने बांधलेली, नंतर सर्वस्वी खासगी. खासगी विहिरीपाशी 15(2) थांबते. 17 सुद्धा थांबते काय? येथे मूल अडखळते. अडखळू द्या, उत्तर लगेच सांगू नका. विचाराला खरी सुरुवात तेथेच होते.

लिहिलेले तपासणार कोण, हा खरा पेच आहे. साहेब झालेले आमचे बांधव 14 एप्रिलला पाकीट देऊन जातात. पाकीट द्यावेच, पण महिन्यातला एक रविवार लाल पेन घेऊन अभ्यासिकेत बसावे. नुसते गुण देऊ नयेत. कोणत्या वाक्याला आधार नाही, तेवढे खुणावे आणि तेच उत्तर त्याच संध्याकाळी पुन्हा लिहून घ्यावे. आठ दिवसांनी, पुस्तक मिटून, आणखी एकदा. एरवीच्या दिवशी मुलांनी जोडीने एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. दुसऱ्याच्या उत्तरातली फट शोधताना आपलीही दिसू लागते.

याला देणगी लागत नाही. जुन्या प्रश्नसंचांची पाठकोरी पाने पहिले काही महिने पुरतील.