मेलन, लघुतरंग रेडिओ ग्राहीतील

मेलन, लघुतरंग रेडिओ ग्राहीतील : आकाशकावर (रेडिओ तरंग ग्रहण करणाऱ्या तारेवर वा दांडीवर) एकाच वेळी येऊन पडणाऱ्या अनेक रेडिओ तरंगांतून इष्ट केंद्राचे तरंग वेगळे काढण्यासाठी ग्राहीतील मंडलांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) जुळवून घेण्याच्या क्रियेस मेलन म्हणतात. व्यवहारात या क्रियेला ‘स्टेशन लावणे’ असे म्हटले जाते. मेलन दोन रीतींनी करता येते. गुंडी फिरवून कंप्रता अखंडपणे बदलत नेणे आणि मापपट्टीवरील काट्याच्या जागेवरून ती अजमावणे, ही सदृश रीत होय. कंप्रता ठराविक टप्प्यांनी बदलणे व तिचे मूल्य अंकांत निश्चित करणे, ही अंकीय रीत होय. अचूकता व स्थैर्य या दोन्ही बाबतींत अंकीय रीत सरस असूनही लघुतरंग ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना सदृश रीत अधिक पसंत पडते. या पसंतीत जुन्या वस्तूंविषयीच्या जिव्हाळ्याचा भाग आहेच. परंतु तिचे मुख्य कारण असे की, या दोन रीती श्रोत्याच्या दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तरे देतात. माहीत असलेले केंद्र कोठे आहे, हा पहिला प्रश्न. या घटकेला येथे काय काय ऐकू येत आहे, हा दुसरा.

लघुतरंगांचे वैशिष्ट्य : सु. ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांच्या तरंगांस लघुतरंग म्हणतात. आयनांबराकडून (उच्च वातावरणातील विद्युत् भारित थरांकडून) हे तरंग पृथ्वीकडे परत वळविले जातात व त्यामुळे ते हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. मात्र आयनांबराची स्थिती दिवसाचा प्रहर, ऋतू आणि सूर्यावरील डागांचे सु. ११ वर्षांचे आवर्तन यांनुसार पालटत असते. दिवसा उच्च कंप्रतांवर स्पष्ट ऐकू येणारे केंद्र रात्री नाहीसे होते आणि रात्री खालच्या कंप्रतांवर दूरची केंद्रे उगवतात. यासाठी नभोवाणी केंद्रे आपल्या कंप्रता वेळेनुसार बदलतात; त्यांची वेळापत्रकेही साधारणतः वर्षातून दोनदा, मार्च व ऑक्टोबरच्या अखेरीस, नव्याने लागू होतात. नभोवाणीसाठी राखलेले पट्टे तरंगलांबीच्या नावाने ओळखले जातात. उदा., ३१ मीटरचा पट्टा ९·४ ते ९·९ मेगॅहर्ट्‌झ असा आहे. केंद्रांमधील अंतर सामान्यतः ५ किलोहर्ट्‌झ ठेवले जात असल्याने एवढ्याशा पट्ट्यात सु. १०० जागा होतात. मध्यम तरंगांवरील स्थानिक केंद्राप्रमाणे येथे केंद्राची जागा एकदा लक्षात ठेवून भागत नाही. ग्राही सुरू केल्यावर काय ऐकू येईल, हे श्रोत्याला पुष्कळदा आधी ठाऊक नसते.

सदृश मेलन : वेटोळे व धारित्र यांनी बनलेल्या मंडलाची एक नैसर्गिक कंप्रता असते व ती धारणेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चल धारित्रात स्थिर पत्र्यांच्या मधल्या फटींत फिरते पत्रे कमीअधिक शिरवून धारणा बदलतात. पत्रे सलगपणे फिरत असल्याने कंप्रताही कोठेही खंड न पडता बदलते. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधून काढलेल्या सुपरहेटेरोडाइन ग्राहीत एकाच दांड्यावरील दोन वा अधिक धारित्रे एकदम फिरतात. एक धारित्र येणाऱ्या तरंगाचे मंडल जुळविते, तर दुसरे ग्राहीतील स्थानिक आंदोलकाची कंप्रता बदलते. या दोन कंप्रतांच्या मिश्रणातून एक ठराविक मध्यस्थ कंप्रता (पुष्कळदा ४५५ किलोहर्ट्‌झ) मिळते व पुढील विवर्धन तिच्यावर होते [→ रेडिओ ग्राही].

या रचनेत लघुतरंगांवर तीन अडचणी येतात. पहिली मापपट्टीची. ६ ते १८ मेगॅहर्ट्‌झ एवढी व्याप्ती १२ सेंमी. लांबीच्या पट्टीवर समप्रमाणात मांडली असे मानल्यास १ मिमी. अंतरात १०० किलोहर्ट्‌झ, म्हणजे २० केंद्रांच्या जागा येतात. काट्याची जाडीच कित्येक केंद्रे झाकून टाकते. दुसरी अडचण स्थैर्याची. तापमानामुळे आंदोलकाची कंप्रता दहा हजारांत एका भागाने ढळली, तरी १० मेगॅहर्ट्‌झवर १ किलोहर्ट्‌झचा फरक पडतो. म्हणून ग्राही तापेपर्यंत गुंडी पुनःपुन्हा सारखी करावी लागते. तिसरी अडचण प्रतिमेची. ९,५०० किलोहर्ट्‌झवरील प्रबळ केंद्र साध्या ग्राहीत ८,५९० किलोहर्ट्‌झवरही ऐकू येते, कारण तेथे स्थानिक आंदोलकाची कंप्रता ९,०४५ किलोहर्ट्‌झ होऊन दोहोंतील फरक पुन्हा ४५५ किलोहर्ट्‌झच भरतो.

यांवर अनेक उपाय योजण्यात आले. शिकागो येथील झेनिथ कंपनीने १९४२ मध्ये आणलेल्या ‘ट्रान्स-ओशनिक’ या सुवाह्य ग्राहीत नभोवाणीचा एकेक पट्टा पूर्ण मापपट्टीवर पसरविलेला होता. काही ग्राहींत गुंडीच्या दांड्यावर जड चाक बसवून तिला एकसारखी, घरंगळती गती देण्यात आली. केंद्र नेमके जुळले की नाही, हे दाखविणारी हिरवट प्रकाशाची ‘मॅजिक आय’ नलिका १९३५ पासून प्रचारात आली. दक्षिण आफ्रिकेतील ट्रेव्हर वॉडली यांच्या मंडलात स्फटिक आंदोलकाच्या साहाय्याने मुख्य आंदोलकाचे ढळणे आपोआप निरस्त होते व प्रत्येक मेगॅहर्ट्‌झ एकाच लांब पट्टीवर वाचता येतो. ब्रिटनमधील रॅकल आरए-१७ आणि १९७० नंतरच्या दशकातील जपानी येसू एफआरजी-७ हे ग्राही या तत्त्वावर बनविलेले होते. अखंड फिरणारी गुंडी व उत्तम स्थैर्य या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे त्यांवरून दिसून येते.

अंकीय मेलन : यात स्थानिक आंदोलकाची कंप्रता क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या स्थिर कंप्रतेशी बांधलेली असते. आंदोलकाच्या कंप्रतेस एका पूर्णांकाने भागून येणाऱ्या संकेताची स्फटिकापासून मिळविलेल्या संदर्भ संकेताशी कलेच्या दृष्टीने तुलना करतात. फरक आढळल्यास त्या प्रमाणात व्होल्टता निर्माण होऊन ती व्हॅरॅक्टर डायोडाची (व्होल्टतेनुसार धारणा बदलणाऱ्या अर्धसंवाहक घटकाची) धारणा बदलते आणि आंदोलकाला जागेवर आणते. साध्या उदाहरणात संदर्भ कंप्रता ५ किलोहर्ट्‌झ व भाजक १,९९१ असल्यास आंदोलक ९,९५५ किलोहर्ट्‌झवर स्थिर होतो व ९,५०० किलोहर्ट्‌झचे केंद्र लागते. भाजक १,९९२ केला की ९,५०५ किलोहर्ट्‌झचे केंद्र लागते. या दोहोंमधील जागा या मंडलापुरती अस्तित्वातच नसते. सुधारित रचनांत टप्पा १ किलोहर्ट्‌झ वा त्याहूनही लहान करता येतो.

संकलित मंडले स्वस्त झाल्यावर ही रीत घरगुती ग्राहींत आली. सोनी कंपनीच्या १९८० मधील आयसीएफ-२००१ या ग्राहीत मेलनाची गुंडीच नव्हती. कंप्रतेचे आकडे कळांनी दाबावे लागत किंवा वर-खाली जाण्याच्या कळा वापराव्या लागत. याच मालिकेत १९८५ मध्ये आलेल्या आयसीएफ-२००१डी (अमेरिकेत आयसीएफ-२०१०) या ग्राहीत अंकांच्या कळांच्या जोडीला फिरती गुंडी पुन्हा देण्यात आली. अंकीय अचूकता मिळाल्यावरही हाताने शोधत जाण्याची गरज संपलेली नव्हती, हे या बदलातून सूचित होते.

तुलना : कंप्रता व वेळ माहीत असेल, तर अंकीय ग्राहीला तोड नाही. केंद्र सुरू होण्यापूर्वीच त्याच्या जागी थांबता येते. क्षीण केंद्राची ओळख कंप्रतेवरून पटविता येते आणि आवडीची केंद्रे स्मृतीत साठविता येतात. वाहक तरंग व एक पार्श्वपट्ट वगळून केलेल्या संदेशवहनात भाषण कळण्याजोगे होण्यासाठी मेलन काही दशक हर्ट्‌झपर्यंत अचूक व स्थिर असावे लागते. तेथे ढळणारा साधा सदृश ग्राही उपयोगी पडत नाही.

अनोळखी पट्टा चाळताना मात्र स्थिती उलट होते. सदृश ग्राहीवर अर्ध्या मेगॅहर्ट्‌झचा पट्टा काही सेकंदांत पालथा घालता येतो. एका केंद्राचा आवाज विरत असतानाच दुसऱ्याचा वर येतो आणि मधली खरखर, शिट्ट्या, तारायंत्राचे ठोके हेही कानावर पडतात. केंद्राच्या कडेवरून जातानाच ते प्रबळ की क्षीण, गाणे की भाषण, हे कळते. अनेक अंकीय ग्राहींत दर टप्प्याला मंडल स्थिर होईपर्यंत आवाज क्षणभर बंद ठेवतात. त्यामुळे पट्टा तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो व क्षीण केंद्र त्या फटींत निसटते. आपोआप शोध घेणारी यंत्रणा तर ठराविक प्रबळतेखालील केंद्रांवर थांबतच नाही. शेजारचे केंद्र त्रास देत असल्यास सदृश ग्राहीची गुंडी किंचित पलीकडे सरकवून तो कमी करता येतो. ५ किलोहर्ट्‌झचे टप्पे असलेल्या ग्राहीत ही सोय नसते.

सदृश ग्राहीचा आवाज अधिक मधुर असतो, हे मत मात्र तपासून घेणे आवश्यक आहे. आवाजाचा दर्जा मेलनाच्या रीतीपेक्षा गाळणीची रुंदी, विवर्धक, ध्वनिक्षेपक व पेटी यांवर अधिक अवलंबून असतो. जुन्या सदृश ग्राहींतील गाळण्या रुंद व पेट्या मोठ्या असत, हे या मताचे एक कारण आहे. तथापि पूर्वीच्या कित्येक अंकीय ग्राहींत आंदोलकाचा स्वतःचा गोंगाट आणि अंकदर्शक व नियंत्रक मंडलांचे विद्युत् व्यत्यय क्षीण केंद्रांना झाकून टाकीत, हेही खरे आहे. हा दोष तत्त्वाचा नसून बांधणीचा होय.

श्रवणाची सवय : अंकदर्शक नसलेल्या ग्राहींवर कंप्रतेचा आकडा न वाचता ऐकण्याची एक सवय घडली. आकाशवाणीने १९५२ नंतर चित्रपटसंगीताला कात्री लावली, तेव्हा महाराष्ट्रासह भारतभरचे श्रोते लघुतरंगांवर रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी सुरू झालेला ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम व १९५७ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची विविध भारती सेवा ही त्या काळाची ठळक चिन्हे होत. केंद्राची जागा काट्याच्या स्थानावरून आणि आजूबाजूच्या ओळखीच्या आवाजांवरून हेरली जाई. आवाज ढळला की हात आपोआप गुंडीकडे जाई. सोव्हिएट संघात या कौशल्याला अधिक गंभीर महत्त्व होते. परदेशी केंद्रांवर मुद्दाम गोंगाट प्रक्षेपित करून ती दडपण्याचे प्रकार तेथे १९८८ च्या अखेरीपर्यंत चालले. अशा वेळी केंद्राच्या दुसऱ्या एखाद्या कंप्रतेवर तो गोंगाट कमी आहे काय, हे गुंडी फिरवून कानानेच ठरवावे लागे.

आधुनिक परिस्थिती : एकविसाव्या शतकात लघुतरंग नभोवाणीचा मोठा संकोच झाला. रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलचे लघुतरंग प्रक्षेपण २०१२ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलियाचे २०१७ मध्ये, तर बीबीसीच्या हिंदी सेवेचे २०२० मध्ये बंद झाले. दुसरीकडे मेलनाच्या दोन रीतींतील भेदही पुसट होत गेला. अनेक स्वस्त ग्राहींत काटा व गुंडी दिसत असली, तरी आत चल धारित्र नसते. गुंडीने बदलणारी व्होल्टता अंकांत रूपांतरित होऊन एक संकलित मंडल कंप्रता टप्प्यांनी ठरविते. अशा ग्राहींवर केंद्रे हळूहळू वर न येता एकदम उमटतात व एकदम नाहीशी होतात. बाह्य रूप सदृश असूनही शोधाचा मूळ गुण त्यांत राहत नाही. उलट, संपूर्णपणे संगणकावर चालणाऱ्या ग्राहींत पडद्यावर सबंध पट्टा एका दृष्टिक्षेपात दिसतो व प्रत्येक केंद्र प्रकाशरेषेच्या रूपाने उमटते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील असा ग्राही इंटरनेटद्वारे सर्वांना खुला करण्यात आला. सर्व पट्ट्याचा अदमास घेण्याची सदृश रीतीची सोय येथे अंकीय साधनानेच, पण कानाऐवजी डोळ्याला, परत मिळाली आहे.

या तुलनेचे व्यावहारिक महत्त्व आणीबाणीत प्रत्ययास येते. मार्च २०२२ मध्ये बीबीसीने युक्रेन व रशियाच्या काही भागांसाठी १५,७३५ व ५,८७५ किलोहर्ट्‌झ या कंप्रतांवर रोज चार तासांचे लघुतरंग प्रक्षेपण सुरू केले. यांपैकी दुसरी कंप्रता ५·९ ते ६·२ मेगॅहर्ट्‌झ या ४९ मीटर पट्ट्याच्या किंचित बाहेर येते. ज्याच्यापर्यंत हे आकडे पोहोचले त्याला अंकीय ग्राहीवर ते केंद्र तत्काळ लावता येते. ज्याच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, त्याला ओळखीचा आवाज येईपर्यंत पट्टा चाळत राहण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ज्या ग्राहीत कंप्रतेचे आकडे अचूक दिसतात आणि गुंडी फिरविताना आवाजात खंडही पडत नाही, तो ग्राही लघुतरंग श्रवणास सर्वांत सोयीचा समजला जातो.