आधी यजमान, मग खोली
घरगुती मुक्कामाची निवड कशी करावी?

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधले उपनगर. विलिंग्डन आणि वालचंद ही महाविद्यालये इथेच आहेत आणि मिरजेची रुग्णालयेही जवळ आहेत. मी इथला रहिवासी असल्याने वर्षातून चार-सहा वेळा तरी परगावच्या नातेवाइकांचा फोन येतो, “दोन दिवस राहायचं आहे. घरगुती, चांगली जागा सांगा.” कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी यायचे असते, कोणाला नृसिंहवाडी आणि औदुंबर करायचे असते, तर कोणाच्या वडिलांचे ऑपरेशन ठरलेले असते. त्या निमित्ताने ‘चांगली जागा’ म्हणजे नेमके काय, याचा मी थोडा अभ्यास केला. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : घरगुती मुक्कामात खोलीपेक्षा यजमान आधी तपासावा.

हा विचार नवा नाही. १८६७ च्या सराई कायद्याने सराई चालवणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नोंदणी करणे सक्तीचे केले. चालकाने चारित्र्याचा दाखला आणला नाही, तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना होता. सराई स्वच्छ ठेवणे आणि दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावणे, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे माणूस, स्वच्छता आणि दर या तीन गोष्टी दीडशे वर्षांपूर्वीच ठरल्या होत्या.

आजच्या सरकारी योजनांचा पायाही तोच आहे. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ निवास व न्याहारी योजनेत घराला सुवर्ण किंवा रौप्य दर्जा मिळतो. त्यासाठी मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, आणि पाहुण्यांना द्यायच्या खोल्या एक ते सहाच असाव्यात, अशी अट आहे. महाराष्ट्रातही पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. मालक तिथे राहत नसेल, तर ती भाड्याची खोली झाली. ती वाईटच असेल असे नाही, पण तिला घरगुती मुक्काम म्हणता येणार नाही.

हा फरक पुसट होण्याचे एक कारण इंटरनेट आहे. ‘एअरबीएनबी’ या कंपनीचे २००८ मधले मूळ नाव ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ असे होते. संस्थापकांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्वतः राहत असलेल्या घरातच हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले होते. आज तशाच संकेतस्थळांवर मालकाचे तोंडही न दिसणारे फ्लॅट आणि खरीखुरी घरे एकाच यादीत शेजारी शेजारी असतात. फोटोवरून दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून पैसे भरण्याआधी फोन करावा आणि पहिला प्रश्न विचारावा, “आपण स्वतः तिथेच राहता का? रात्री दोन वाजता आम्ही दवाखान्यातून आलो, तर दार कोण उघडेल?” उत्तर सरळ आले तर अर्धे काम झाले. “केअरटेकर बघेल” असे उत्तर असेल, तर त्याचे नाव आणि नंबर तेव्हाच घ्यावा.

दुसरा प्रश्न न्याहारीचा. ती घरात होते की बाहेरून येते, दरात धरली आहे की वेगळी, मधुमेह असलेल्या माणसासाठी किंवा उपवासासाठी काय मिळेल? स्वयंपाकघर चालवणाऱ्या माणसाला याचे उत्तर शोधावे लागत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी जिना किती आहे, डबा करून मिळेल का, मुक्काम वाढला तर खोली राहील का, हेही विचारावे.

तिसरा प्रश्न दराचा. जादा गादी, एसी, कर आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे मेसेजवर लिहून घ्यावे. तोंडी ठरलेला दर निघताना बदलतो आणि तेव्हा वाद घालायला वेळ नसतो.

चौथी गोष्ट नोंदणीची. प्रमाणपत्राचा फोटो मागावा आणि त्यावरचा पत्ता जाहिरातीतल्या पत्त्याशी जुळतो का ते पाहावे. आगाऊ रक्कम पाठवताना खात्यावरचे नाव कोणाचे दिसते, तेही पाहावे. नाव तिसऱ्याच माणसाचे असेल तर थांबावे. “परतावा देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असे कोणी सांगितले तर ती फसवणूकच समजावी, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

परीक्षणे वाचताना नुसते तारे मोजू नयेत. थोड्या दिवसांत एकदम आलेली, एकसारख्या शब्दांतली स्तुती संशयास्पद असते. तक्रारीला यजमानाने दिलेले उत्तर मात्र नीट वाचावे. चूक मान्य करून काय दुरुस्त केले हे सांगणारा यजमान भेटला, तर चार तारेही पुरे.

पावसाळ्यात सांगलीला येणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. म्हणून घर नदीपासून किती दूर आहे आणि पाणी चढले तर कोणता रस्ता चालू राहतो, हे विचारावे. खरा स्थानिक यजमान याचे उत्तर गल्लीच्या नावासकट देतो.

आणि यजमानही आपल्याला प्रश्न विचारतो का, ते पाहावे. किती जण, नाते काय, ओळखपत्र कोणते, हे तो विचारत असेल तर राग मानू नये. परदेशी पासपोर्ट असलेला पुतण्या बरोबर असेल, तर यजमानाला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. जो काहीच विचारत नाही, तो शेजारच्या खोलीतल्या माणसालाही काही विचारत नसणार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि तिथेच जेवतात. अशा ठिकाणी एका घराने हयगय केली तर नाव साऱ्या गावाचे जाते, म्हणून शेजारीच एकमेकांवर नजर ठेवतात. शहरात असा शेजार पाहुण्याच्या मदतीला येत नाही. तिथे हे काम आपल्यालाच करावे लागते. म्हणून मुक्काम संपल्यावर काय चांगले होते, काय उणे होते, हे चार ओळींत खरे लिहावे. पुढच्या खेपेला कोणाचे वडील ऑपरेशनसाठी मिरजेला येतील, तेव्हा त्यांच्या मुलाला त्या चार ओळींचाच आधार असेल.