स्तनाची तपासणी : सासूबाईंनाही सोबत न्या



गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ता, व्याज सगळ्यावर मोकळं बोलतो. पण छातीला गाठ लागली तर? ते बाई सख्ख्या बहिणीलाही लवकर सांगत नाही. म्हणून या अंकात मुद्दाम तोच विषय घेतला आहे. भारतातल्या बायांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे.

आपल्याला वाटतं, शहरातल्या बायांचं बरं आहे. दवाखाना गल्लीत, मशीनही जवळच. त्या वेळेवर तपासून घेत असतील. पण तसं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं होतं की कॅन्सरसाठी स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली का. देशभरात 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा पुरती भरली नाही. शहरातला आकडा खेड्यापेक्षा किंचितच जास्त होता. म्हणजे दवाखाना जवळ असला की बाई तपासणीला जाते, असं काही नाही. मग अडतं कुठं?

बाई का जात नाही?

पहिलं कारण, "मले काय झालं? दुखत तं नाही." हे सगळ्यात घातक आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखेपर्यंत थांबलो तर उशीर होतो.

दुसरं, लाज. तपासणारा पुरुष असेल तर? ही लाज मुंबईच्या बाईलाही आहे आणि राजूरच्या बाईलाही.

तिसरं, वेळ आणि मजुरी. शहरातली बाई चार घरची धुणीभांडी सोडून जाऊ शकत नाही, आपण कापूस वेचणी सोडून जाऊ शकत नाही. आजारी असलो तर एक दिवस पाडतो, पण धडधाकट असताना दवाखान्यासाठी रोज कोण बुडवणार?

चौथं, भीती. "निघालंच काही तं? पैसा कुठून आणू? लेकीच्या लग्नाचं काय होईल?" म्हणून न पाहिलेलंच बरं वाटतं. तायांनो, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो कुणाच्या पापाचं फळही नाही.

पाचवं कारण साधं आहे. कुणी सांगितलंच नाही. ओळखीच्या नर्सबाईने किंवा डॉक्टरने "तपासून घ्या" म्हटलं की बाई जाते. नुसता भिंतीवरचा कागद वाचून फार थोड्या जातात.

मुंबईच्या वस्त्यांत काय दिसलं

टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बाया त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनाची हाताने तपासणी झाली. उरलेल्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली गेली. मशीन नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. बोलावलेल्या बायांपैकी साधारण तीनातल्या दोघी आल्या. त्याही कामावर जाणाऱ्या, लहान घरांत राहणाऱ्याच होत्या. फरक एवढाच की कुणीतरी येऊन समजावलं, वस्तीजवळ सोय केली आणि तपासणारी बाई होती.

निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांच्यात शंभरातल्या ३७ जणींचा रोग पुढच्या टप्प्यात गेलेला होता. दुसऱ्या वस्त्यांत अशा ४७ होत्या. आणि ५० वर्षं व त्यापुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

हे नीट वाचा. शिबिरात कोण जातं? सून जाते, लेक जाते. सासूबाई म्हणतात, "माह्यं आता काय राह्यलं, तुम्ही जा." पण या तपासणीचा सर्वांत जास्त फायदा दिसला तो त्यांच्याच वयात! घरची म्हातारी मागे राहू नये, हे बघणं आपलं काम आहे.

मग तरण्या बायांनी जाऊच नये का? जावं. आणि दोन तपासण्यांच्या मधेही आपल्या अंगाची ओळख ठेवावी. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी आंघोळीच्या वेळी बोटांनी चाचपून पाहावं. पुढचं काही दिसलं तर शिबिराची वाट पाहू नये :

• स्तनात किंवा काखेत गाठ, दुखो वा न दुखो
• कातडी आत ओढलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली
• बोंड नव्याने आत गेलेलं, किंवा त्यातून रक्त वा पाणी येणं
• बोंडाजवळची न भरणारी जखम
• एका स्तनाच्या आकारात नवा बदल

आपल्याकडे सोय काय आहे

३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईसाठी सरकारी तपासणी मोफत आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, तो टाळू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी, शुगर, तोंडाची आणि स्तनाची तपासणी होते. स्तनाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. आडोशाला पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सुई नाही, औषध नाही, फक्त बोटांनी स्तन आणि काख तपासतात. तपासायला बाईच हवी, असं स्पष्ट सांगा.

काही शंका आली तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा घेऊन तपासणी करतात. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, हे खोटं आहे. त्यासाठी वणीच्या सरकारी दवाखान्यातून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. उपचारासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

येत्या बैठकीत एवढं करा

१. गटातल्या घरांतल्या तिशीच्या पुढच्या सगळ्या बायांची यादी करा. पन्नाशीच्या पुढच्यांची नावं सगळ्यात वर लिहा.

२. आशाताई आणि सीएचओ मॅडमना बैठकीत बोलवा. वेचणीचा आणि बाजाराचा दिवस टाळून तारीख ठरवा.

३. एकटीने जाऊ नका. दहा जणी मिळून गेलं की लाज निम्मी होते.

४. एखादीला पुढे जायला सांगितलं, तर तिच्यासोबत एक जण जाईल. गाडीभाड्याची अडचण असेल तर गटाच्या निधीतून मदत करा.

५. पुढच्या बैठकीत हप्त्यासोबत विचारा : कोण गेलं, कोण राहिलं?

आपण एकमेकींचा हप्ता चुकू देत नाही. तशीच ही तपासणीही चुकू देऊ नका. आज घरी गेल्यावर सासूबाईंना, आईला हे वाचून दाखवा, आणि म्हणा, "चाला, मीही येतो तुमच्यासंगं."