जगभर चालणारा ट्रेडमार्क नसतो

दुबईला लोणची-मसाले पाठवणारे अनेक जण निश्चिंतपणे सांगतात, "आपला ट्रेडमार्क रजिस्टर आहे." तो भारतात आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीने दिलेला हक्क देशाच्या सीमेवर संपतो.

नाव जगप्रसिद्ध असले की नोंदणीवाचून चालते, हा त्याहून महागात पडणारा समज. टोयोटाने 'प्रियस' गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये आणली, भारतात २०१० मध्ये. मधल्या काळात, २००१ पासून, दिल्लीची एक कंपनी त्याच नावाने गाड्यांचे सुटे भाग विकत होती आणि नोंदणीही तिच्याकडेच होती. टोयोटा कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१७ ला निकाल दिल्लीच्या कंपनीच्या बाजूने दिला. बाहेर नाव कितीही गाजलेले असो, २००१ च्या सुमारास ते भारतीय गिऱ्हाइकांच्या ओळखीचे होते, हे टोयोटाला सिद्ध करता आले नाही.

मग एकाच अर्जाने अनेक देशांत नोंदणी मागता येणारी माद्रिद व्यवस्था कशासाठी? भारत तिच्यात ८ जुलै २०१३ पासून आहे. एका अर्जात सगळे जग मिळते, हे मात्र अर्धेच खरे. अर्ज एकच, तो भारतीय कार्यालयामार्फत जिनिव्हाच्या 'वायपो'कडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, जातो. पण देश आपण निवडायचे आणि निवडलेल्या देशांप्रमाणे फी वाढत जाते. वायपो अर्जाची रीत आणि मालाचे वर्ग तपासते. नावाला संरक्षण द्यायचे की नाही, हे तो तो देश १२ किंवा १८ महिन्यांत ठरवतो. त्यामुळे वायपोचे प्रमाणपत्र आले म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका तर या व्यवस्थेत नाहीतच. तिथे थेट अर्ज करावा लागतो.

मला सर्वांत काळजीची वाटते ती पुढची गोष्ट. पहिली ५ वर्षे ही आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ भारतीय अर्जावरच उभी असते. इथे तो फेटाळला गेला, की बाहेरच्या सगळ्या देशांतले संरक्षणही कोसळते. त्यानंतर ३ महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून आंतरराष्ट्रीय नोंदणीची जुनी तारीख वाचवता येते, पण खर्च पुन्हा होतो. म्हणून 'शुद्ध हळद'सारख्या नुसत्या वर्णनाच्या नावावर माद्रिदचा डोलारा उभारू नये. असे नाव इथेच नाकारले जाण्याची शक्यता मोठी.

आणि निर्यात सुरू झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांसाठी: भारतातल्या पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत बाहेर अर्ज केला, तर ट्रेडमार्क-पेटंटविषयीच्या पॅरिस करारानुसार तिथेही भारतातलीच तारीख धरली जाते. सातव्या महिन्यात ही सवलत उरत नाही.