नटाचा षष्ठांश

भाद्रपद संपत आला असता, कन्नडकडून गौताळ्याच्या रानवाटा तुडवून परतलेली जीप अंगणात धूत असताना, तिच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचा एक ओघळ उतरलेला मला दिसला. बोट लावून पाहिले तो त्या काळेपणात पांढुरकी झाक होती. आणि वंगणात अशी ताकासारखी झाक दिसणे म्हणजे ज्या पोलादी गोलकात ओढ्याचे पाणी कधीही शिरू नये त्यात ते शिरले असल्याची कबुलीच होय. आमच्या काळ्या मातीचा हा जुना शिरस्ता आहे: पावसात ती चाकाला धरते, चाकावरून वर चढते, उन्हात खापरीसारखी कडक होते, आणि मग चाक वळेल तसतसा तिचा कण न् कण गोलकावर घासत जाऊन, त्याच्या कडेला बसवलेला नमद्याचा पट्टा झिजवून टाकतो. नमदा झिजला की आतले वंगण बाहेर येते आणि बाहेरचे पाणी आत जाते.

ही जीप माझ्याकडे आली ती एका सरकारी कचेरीच्या लिलावातून. पेट्रोलवर चालणारी, उंच नाकाची, कारखान्याच्या परिभाषेत जिला सीजे-3बी म्हणतात त्या जातीची; सुकाणू डाव्या हाताला, आणि म्हणूनच मागून येणाऱ्याने सावध राहावे यासाठी पाठीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' ही अक्षरे रंगवलेली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तेव्हापासून पुढे दोन-तीन दशके खेड्यातल्या माणसाला सरकार दिसले ते बहुधा याच गाडीच्या रूपाने. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगेसमोर धुरळा उडवीत जी येऊन थांबे, ती जीप हजेरीपट आणि मजुरी घेऊन आली आहे की नुसताच तपासनीस घेऊन आली आहे, हे तिच्यातून प्रथम उतरणाऱ्याच्या पायांवरून ओळखणारी माणसे आमच्याकडे होती. पुढे डिझेलचा जमाना आला, जुन्या जीपगाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसवण्यात आली, आणि माझी मात्र कोणत्याशा दप्तरदिरंगाईमुळे मूळ इंजिनासह लिलावाच्या फेरिस्तीत जाऊन पडली.

या वाहनाच्या कुळाची हकिकत लष्करी आहे. 1940 साली अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने बँटम कंपनीसाठी तिचा पहिला नमुना रेखला, आणि महायुद्ध संपेपर्यंत विलिज व फोर्ड यांच्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. 1945 साली स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या पेढीने स्वातंत्र्याच्या सुमारास सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले. पेट्यांतून समुद्र ओलांडून यावे आणि अनोळखी हातांनी एकत्र जुळावे, अशी जिच्या जन्माचीच रीत, ती पुन्हा सुटी होण्यास नाखूश असेल कशी? 'वाटेल तेथे जाणारी गाडी' असा तिचा लौकिक आहे, आणि त्याचे श्रेय लोक तिच्या चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीला देतात; पण ती शक्ती तिला फक्त जाण्यापुरती उपयोगी पडते. जेथे ती बिघडेल तेथेच, झाडाखाली, मूठभर पान्यांनिशी तिला उघडता येते म्हणून ती परत येते. आणि जिच्या परत येण्याची खात्री नाही ती गाडी शहाण्या माणसाने तेथवर नेऊच नये.

हे मी स्वतःच्या बुद्धीने शिकलो असे म्हणणे लबाडी होईल. रोशन गेटाच्या बाजूला एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणतो, मीही म्हणतो. वयोमानाने त्यांच्याने आता गाडीखाली जाववत नाही, म्हणून ते माझ्या अंगणात स्टुलावर बसतात, चहाची बशी गुडघ्यावर तोलतात, आणि मला गाडीखाली पाठवतात. प्रथम भेटीत मी एका गंजलेल्या बोल्टावर सर्व बळ एकवटून लोंबकळलो होतो, तेव्हा त्यांनी जे आपल्या दखनीत म्हटले त्याहून मोठा पाठ त्यांनी नंतर दिला नाही: "साब, जोर नक्को, अंदाज होना." तो बोल्ट त्यांनी तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर तसाच ठेवायला लावला, आणि सकाळी तो एका हाताने सुटला.

त्यांच्याच सांगण्यावरून मी एक वही ठेवतो. पॉइंटची फट 20 हजारांश इंच, प्लगची 30. हवा आत घेणाऱ्या झडपेची 18 आणि धूर सोडणारीची 16, कारण या इंजिनात एक झडप डोक्यात आणि दुसरी धडात अशी विभागणी आहे आणि दोघींचा स्वभाव निराळा. उन्हाळ्यात हवेच्या गाळणीतल्या तेलाची वाटी उघडली की तळाशी गाळ सापडतो. जी धूळ इंजिनाच्या छातीत गेली असती ती त्या तेलाने अडवलेली असते, आणि तो गाळ पाहून किती कोस कच्च्या रस्त्याने गेलो याचा अदमास बांधता येतो. रेडिएटरात विहिरीचे पाणी घालायचे नाही, कारण आमच्या विहिरींच्या जड पाण्याने आत क्षारांचे पापुद्रे धरतात; त्यासाठी पागोळीचे पाणी पिंपात धरून ठेवतो. या नोंदींत वाङ्मय नाही, पण यंत्राशी झालेला सारा पत्रव्यवहार त्यांत आहे.

तर डाव्या चाकाचे काम एका रविवारी सकाळी हाती घेतले. नवख्याची येथे पहिल्याच पायरीवर फजिती होते, कारण या जीपच्या डाव्या अंगाच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही तजवीज, परंतु ज्याला ती ठाऊक नाही तो सोडवण्याच्या समजुतीने त्यांना आवळत जातो आणि शेवटी बोल्टच पिळून हाती येतो. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग जॅक लावला, आणि जॅकवर विश्वास न ठेवता आसाखाली लाकडी ठोकळे रचले. चाक निघाले, हबचे टोपण, त्यामागची कडी, चकतीचे सहा बोल्ट, मग मोठ्या बॉक्सपान्याने बाहेरचा नट, त्यामागचा कानाचा वॉशर, आणि आतला नट, अखेर हब, ड्रमसकट, दोन्ही हातांत उतरला. ब्रेकची रबरी नळी ताणू नये म्हणून ब्रेकची पाठपट्टी तारेने टांगली, आणि ज्यावर हब फिरतो ती नळी काढून अर्धा आस हळूच बाहेर ओढला. त्या पोकळीतून जे बाहेर आले त्याला ग्रीस म्हणणे हा केवळ उपचार. ते पाणी, माती आणि वंगण यांचे राखाडी लापशीसारखे मिश्रण होते.

सारे सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे मांडले, आणि रॉकेलमध्ये धुण्यासाठी स्वयंपाकघरातून एक परात पैदा केली. "अहो, ती परात आता तुमच्या गाडीचीच, पुन्हा माझ्या ओट्यावर दिसता कामा नये," असा निकाल आतून मिळाला, आणि त्यावर अपील नव्हते. धुतल्यावर प्रत्येक भाग खरे बोलू लागतो. बेअरिंगचे रोलर एकेक करून उजेडात फिरवायचे: निळसर छटा असेल तर ते केव्हातरी तापले आहे, बारीक खळगे असतील तर पाणी पिऊन गंजले आहे, आणि अंगभर एकसारखी करडी चमक असेल तरच ते पुन्हा आत जाण्यास पात्र. आतल्या बेअरिंगवर खळगे निघाले, तेव्हा ते बाद केले, बाहेरचे राखले. नवे ग्रीस भरण्याची रीत अशी की तळहातावर त्याचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, खरवडत न्यायची, म्हणजे प्रत्येक रोलरच्या मागून ते वर डोकावते. पोळीचा उंडा मळल्यासारखे हे काम आहे. घाई केली तर आत पोकळी राहते आणि बाहेरून काही कळत नाही.

नवा नमदा तेलात भिजवून बसवला, गोलकात ताजे ग्रीस भरले, आणि जुळणी उलट क्रमाने करीत मी आतल्या नटापाशी आलो. या नटाचा नियम साधा आहे. चाक फिरवीत फिरवीत नट आवळायचा. चाक अडखळू लागले की थांबायचे. आणि मग तो साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. आपल्या स्मृतिकारांनी पिकाचा सहावा हिस्सा राजाला लावून दिला. येथे आवळण्याचा सहावा हिस्सा उष्णतेला द्यावा लागतो, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि त्याला फुगण्यास जागा हवी असते. त्या दिवशी उस्ताद नव्हते. चाक थोडेसे डुलते आहे असे मला उगाच वाटले, इतक्या श्रमानंतर ढिलाई नको असा विचार मनात आला, आणि मी तो षष्ठांश दिला. पण बाहेरचा नट बसवताना हात आणखी थोडा चालवून तो परत घेतला. वॉशरचे कान वाकवून नट पक्का केला, टोपण ठोकले, आणि वहीत 'काम पूर्ण' असे लिहून सहीही केली.

दुसऱ्या रविवारी म्हैसमाळचा बेत होता. छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडले, आणि दौलताबादच्या अलीकडे गाडी किंचित डावीकडे ओढते आहे असा संशय आला. देवगिरीच्या पायथ्याशी, किल्ल्याच्या बाहेरच्या तटापाशी, एका कडुलिंबाच्या सावलीत गाडी उभी करून हबला हात लावला, तो चटका बसून मागे आला. उजव्या चाकाचा हब मात्र कोमट होता. ब्रेक चिकटला की बेअरिंग आवळले, एवढाच प्रश्न होता. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवले, तर ते अखंड जड फिरत होते; थंड होण्यास अर्धा तास दिल्यावर पुन्हा फिरवले, तर बरेच हलके झाले. तरीही दोष ब्रेकचा की माझा, हे नट सैल केल्याशिवाय ठरणार नव्हते.

निघण्यापूर्वी पेटीतले सर्व सामान चटईवर मांडून त्याची रुजुवात करायची, हा उस्तादांचा दंडक. त्यामुळे मोठा बॉक्सपाना जवळ होता. टोपण, कडी, सहा बोल्ट, बाहेरचा नट. वॉशरचा वाकवलेला कान सरळ करू गेलो तो मोडला. त्याचे मला फारसे वाटले नाही, कारण पेटीत 'हब वॉशर' असे स्वहस्ते लिहिलेले पाकीट होते. ते उघडले तर आतून मागल्या आसाच्या शिम निघाल्या. पाकिटे मोजली होती, पण फोडून पाहिली नव्हती.

मान वर केली तेव्हा समोर देवगिरीचा तासलेला कडा होता. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला असता रामदेवरायाने घाईने गडावर गोण्या चढवल्या, आणि वेढ्यात त्या उघडल्या तेव्हा धान्याच्या समजलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या, अशी हकिकत तवारिखांतून सांगितली जाते. शाळेत ती वाचताना त्या कारभाऱ्यांचे मला हसू आले होते. हातात शिमांचे पाकीट धरून, त्याच गडाखाली, ग्रीसने माखलेल्या स्थितीत बसलो असता ते हसू सातशे वर्षांनी मला परत मिळाले.

जुन्याच वॉशरला आणखी कान काढता येण्याजोगी कड शिल्लक होती. आतला नट सैल केला, तेव्हा चाक एका बोटाने फिरले, म्हणजे ब्रेक निर्दोष ठरला. नट पुन्हा अडखळेपर्यंत आवळला आणि षष्ठांश मागे घेतला. या खेपेस बाहेरचा नट लावताना आतला जागचा हलू नये म्हणून त्यावर खडूची रेघ ओढली आणि रेघेवर डोळा ठेवला. वॉशरची कड छिन्नीने हळूहळू वाकवून नटाच्या बाजूवर बसवली. वाटेने जाणारा एक गुराखी थांबून हे सर्व पाहत होता, त्याने "मिस्त्री, किती घेता?" असे विचारले, आणि या पदवीला मी त्या दिवशी लायक नव्हतो तरी नाकारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे दिल्ली दरवाजाखालून घाट चढलो, खुलताबाद ओलांडले, आणि म्हैसमाळला गिरिजादेवीच्या देवळाजवळ उतरताच, दर्शनाआधी, डाव्या चाकापाशी बसलो. तळहात हबवर ठेवला आणि काढला नाही; तापाची शंका असलेल्या मुलाच्या कपाळाइतका तो उबदार होता, त्याहून अधिक नाही.

रात्री वही उघडली. मागच्या रविवारचे 'काम पूर्ण' खोडले आणि खाली लिहिले: डावा पुढचा हब, आवळणी अधिक, दोष लिहिणाराचा; दौलताबादेस षष्ठांश परत दिला; पाकिटे सर्व फोडून पाहिली, तिनांवर नावे चुकीची निघाली. सही मात्र केली नाही. उस्ताद आले, त्यांनी चाक एकदा फिरवून पाहिले आणि बशी मागितली, तेव्हा केली.