कार्डावर काय ओतायचं?

उकवा म्हटलं की आपल्याकडे मँगनीज आठवतं. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात मॉयलची भूमिगत खाण आहे आणि कंपनीचं मुख्यालय नागपूरला, त्यामुळे नाव बऱ्याच घरांत ऐकलेलं असतं. मी सॉफ्टवेअरवाला, पण माझा कोड ज्या सर्किटवर चालतो, ते अशा ठिकाणी टिकेल का, हा प्रश्न मला पडतोच. धो धो पावसाळा, मे महिन्याचं ऊन, वर खाणीकडची काळी धूळ. मँगनीज डायऑक्साइड थोडीफार वीज वाहून नेतं (भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं हे खनिज टॉर्चच्या सेलसाठी जातं). अशी धूळ कार्डावर बसून ओली झाली, की वीज नको तिथून वाट काढते.

म्हणून शेतातल्या मोबाइल स्टार्टरच्या कार्डाला पॉटिंग करतात: कार्ड डबीत ठेवायचं, वरून दोन भाग मिसळलेलं रसायन ओतायचं, ते घट्ट होऊ द्यायचं. पण कुठलं रसायन?

सहसा हात जातो इपॉक्सीकडे. स्वस्त, दगडासारखं कडक, पाण्याला आणि तेलाला दाद न देणारं. मात्र कार्ड तापतं-निवतं तेव्हा इपॉक्सी आणि आतले भाग सारखे फुगत नाहीत. बारीक सिरॅमिक कपॅसिटरला तडा जातो, सोल्डर सुटतं. दुरुस्तीचं तर नावच नको. आत एक साधा डायोड गेला तरी अख्खं कार्ड नवं घ्यायचं, तेही ऐन रोवणीत, पंप बंद असताना. मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

पॉलियुरेथेन लवचिक असतं, किंमतही बरी. पण ओतताना त्याला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात. जुलैत उघड्या वर्कशॉपमध्ये ओतलंत तर आत स्पंज तयार!

सिलिकॉन महाग, पण साधारण उणे 50 ते 200 अंश सेल्सिअस सहन करतं आणि मऊ राहतं. ब्लेडने कापून खराब भाग बदलता येतो, वरून पुन्हा ओतता येतं. त्यातून पाण्याची वाफ थोडी आत जाते हे खरं. म्हणून कार्ड आधी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून घ्यायचं. फ्लक्स राहिला तर सिलिकॉन नीट चिकटत नाही आणि त्या फटीतच पाणी साचतं. बाथरूमसाठी मिळणारं, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन मात्र कधीही वापरू नका. त्यातून सुटणारं अॅसिटिक अॅसिड तांबं खातं.

पंपाच्या कार्डाला मी सिलिकॉनच निवडेन. सोलर दिव्याच्या ड्रायव्हरला उष्णता बाहेर नेणारी पूड मिसळलेलं घ्यावं, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 10 अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. घरातल्या इन्व्हर्टरच्या कार्डाला पॉटिंग कशाला? लाखेसारखा पातळ कोटिंगचा थर पुरतो.

आणि कुठलंही ओता, बाहेर येणाऱ्या वायरीकडे बघा. बारीक तारांच्या वायरीतून, प्लास्टिकच्या आतून पाणी वातीसारखं चढतं. डबीच्या आत वायर थोडी सोलून, तेवढ्या तुकड्यावर सोल्डर भरून मग ओतायचं, म्हणजे ती वाट बंद होते.