घरात दमा, दारात ससे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्याने हट्ट करून सशांची जोडी घरी आणली. रिठदला तेव्हा सोयाबीनची काढणी नुकतीच आटोपली होती. अंगणात कुटाराचा ढीग होताच. तेच खोक्यात अंथरले आणि खोके बैठकीच्या खोलीत ठेवले. आठ दिवसांत थोरल्या मुलीला शिंका सुरू झाल्या, डोळे लाल झाले आणि रात्री छाती घरघरू लागली. तिला लहानपणापासून दमा आहे.

"ससे आजच्या आज काढा," दादी म्हणाल्या. मामू हसत म्हणाले, "हलाल आहेत, शिजवून टाकू!" धाकट्याने त्या दिवशी जेवणाला हातही लावला नाही.

मुलीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पंप नियमित घ्यायला सांगितला आणि विचारले, "ससे कशावर ठेवलेत?" या प्रश्नाचा विचार आम्ही केलाच नव्हता.

दोष नेमका कशाचा?

सशाची अ‍ॅलर्जी म्हणजे त्याच्या केसांची, असे आपण समजतो. खरे तर त्रास होतो तो सशाची लाळ, त्वचेचा कोंडा आणि लघवी यांतील घटकांमुळे. ससा दिवसभर अंग चाटतो. लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण हवेत उडतात आणि गादी, पडदे, कपडे यांत बसतात.

दुसरा संशयित म्हणजे अंथरूण. सोयाबीनची धूळ दमेकऱ्यांना किती जड जाते, हे स्पेनमधील बार्सिलोना शहराने अनुभवले आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथे २६ वेळा दम्याची लाट आली. एकाच दिवशी कितीतरी लोक धापा टाकत दवाखान्यात येत. शोध घेतल्यावर कारण सापडले ते बंदरावर उतरणाऱ्या सोयाबीनच्या टरफलांच्या धुळीत. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर लाटा थांबल्या. आम्ही तर तसलीच धूळ बैठकीत आणून ठेवली होती!

कुटार काढून रद्दी कागद अंथरला. रात्रीची घरघर कमी झाली. पण ससा मांडीवर घेतला की शिंका येतच होत्या. म्हणजे दोष दोघांचा होता. खात्री करायची असेल तर मोठ्या शहरांत त्वचेवर सुई टोचून अ‍ॅलर्जीची तपासणी होते.

घर दोघांचा विचार करून

ससे घराबाहेर नेणे हाच उपाय होता, पण बाहेर ऊन. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. ३० अंशांपुढे तो हैराण होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखाली ठेवलेला ससा एका दुपारीत मरू शकतो.

म्हणून मागच्या अंगणात कडुलिंबाखाली, झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून दूर पिंजरा केला. कुत्री, मांजरे आणि साप यांच्यापासून जपण्यासाठी तो जमिनीपासून दोन फूट उंच ठेवला आणि बारीक जाळी लावली. तळाला फळी टाकली, कारण नुसत्या जाळीने सशाचे पाय सोलतात. वर पऱ्हाट्यांचे छप्पर घातले. उन्हाळ्यात बाजूला ओले पोते टांगतो आणि पाणी मातीच्या जड भांड्यात ठेवतो. नर-मादी वेगळे ठेवले. सशाची मादी महिनाभरात विते आणि ससे वाढले की त्रासही वाढतो.

साफसफाई धाकट्याकडे. नाकाला रुमाल बांधून, अंथरूण आधी ओले करून तो रोज ते बदलतो. नंतर हात धुतो, कपडे बदलतो, मगच घरात येतो. घरात कोरडा झाडू बंद करून ओले पोछे सुरू केले. चादरी, पडदे गरम पाण्यात धुतले. जानमाजही धुतली, सजद्यात नाक तिलाच टेकते आणि ससे तिच्यावर लोळायचे, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

ससे बाहेर गेले तरी घरातले कण लगेच जात नाहीत, कित्येक आठवडे राहतात. त्यामुळे चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नये.

आणि तरीही थांबले नाही तर?

एवढे करूनही छाती घरघरत राहिली, तर ससे दुसऱ्याला द्यावेत. मुलीच्या श्वासापेक्षा हौस मोठी नाही. मात्र ते रानात सोडू नयेत. पाळीव ससा तिथे कुत्र्यांच्या तोंडी जातो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. आणलेला जीव अमानत आहे. जागा असलेले, सांभाळणारे घर शोधूनच तो द्यावा.

आमच्याकडे तशी वेळ अजून आलेली नाही. थोरली पिंजऱ्यापासून चार हात लांब ओट्यावर बसून सशांना पाहते, हात लावत नाही. धाकटा तिच्या वाटचे गवत घालतो. पंप तिच्या दप्तरात असतोच.